फायर पंप दर आठवड्याला चालवायचा, की 'बी' फॉर्म पुरे?

मुक्कामपोस्ट: ठाण्यातली आमची बारा मजली सोसायटी. कमिटीत आल्यावर पंपरूम उघडायला लावली, तर पॅनेलचा स्विच 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर. वॉचमन म्हणाला, "जॉकी पंप (पाइपातलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप) रात्रभर चालू-बंद व्हायचा, पहिल्या मजल्यावरच्यांची झोप मोडायची." म्हणजे आगीत कुणी हायड्रंट (आग विझवायचा नळ) उघडला असता, रायझरचं (मजल्यांवर पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपाचं) प्रेशर उतरलं असतं आणि तरी मेन पंप सुरू झाला नसता! डिझेल पंपाची बॅटरीही उतरलेली. फाइलमध्ये मात्र 'सर्व सुस्थितीत' असा जुलैचा 'बी' फॉर्म, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याने तो जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. मधले सहा महिने कोण बघतं? दर रविवारी आपणच पंप चालवावा, वहीत नोंद करावी.

गच्चीवरून: साफ चूक. परवानाधारक एजन्सीला पैसे कशाला देतो मग? आमच्याकडे एका सभासदाने टाकीचा व्हॉल्व्ह बंद असताना पंप चालवला. कोरडा फिरून सील जळालं, खर्च सगळ्यांच्या माथी. वॉचमन तर दर सहा महिन्यांनी नवा. एजन्सीला दरमहा बोलवा.

रिंचपाना: बरीच वर्षं पंपांच्या एएमसीत (वार्षिक देखभाल कंत्राटात) काम करतोय. जॉकी सारखा लागतो म्हणजे कुठेतरी गळती आहे किंवा एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) नीट बसत नाही. ते शोधायचं सोडून मॅन्युअल करतात, हे मी कितीदा पाहिलंय! आणि बटण दाबून पंप फिरवणं ही टेस्ट नाही. आधी सक्शन व्हॉल्व्ह (टाकीतून पंपात पाणी येतं तिथला) उघडा आहे ना ते बघा. मग ड्रेन उघडून प्रेशर पडू द्या. आधी जॉकी, मग मेन, आपोआप लागले पाहिजेत. किती प्रेशरला लागले तो आकडा लिहा, नुसतं 'ओके' नको. ग्लँडमधून (पंपाच्या शाफ्टभोवतीच्या पॅकिंगमधून) थेंब थेंब पाणी पडणारच, ती आवळू नका. शेवटी स्विच परत ऑटोवर.

गच्चीवरून: हे तुम्हाला जमतं, सेक्रेटरीला नाही. शिकलेला माणूस समोर असेल तरच चालवा, एवढंच म्हणतो.

मुक्कामपोस्ट: मान्य. पण स्विच आणि बॅटरी बघायला एजन्सी लागत नाही. ते रोज वॉचमनने बघावं, वहीत सही करावी. आमची वही कालपासून पंपरूमच्या दारामागे टांगलीय.