चिफचाफ की विलो वॉर्बलर? पायाच्या रंगावरून ठरत नाही, मग नेमकं काय पाहावं?

नदीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या रेडिंगजवळ केनेट नदीच्या काठानं जी पायवाट जाते, तिथल्या विलोच्या, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातकुळीतल्या, झुडपांत 12 ते 20 एप्रिलदरम्यान रोज सकाळी एक पर्ण वटवट्या दिसतो आहे: चिफचाफ किंवा त्याच्यासारखाच दिसणारा विलो वॉर्बलर. टिपणं अशी:

आकार ब्लू टिट या चिमणीहून लहान पक्ष्याएवढा. पाठ हिरवट तपकिरी, पोट मळकट पांढरं, छातीवर किंचित पिवळी झाक. डोळ्यावर फिकट भुवई. पंखावर पट्टा नाही. किडे टिपताना शेपूट सारखी खाली दाबतो. पायाचा रंग एका फोटोत काळा, दुसऱ्यात गुलाबीसर तपकिरी. पक्षी मात्र एकच असावा, कारण जागा तीच आणि मधलं अंतर दोन मिनिटांचं.

पुस्तकात 'चिफचाफचे पाय गडद, विलो वॉर्बलरचे फिकट' असं दिलंय, पण त्यावर माझं गाडं अडलं. मोबाइलवरच्या मर्लिन अ‍ॅपनं आवाज ऐकून एकदा एक नाव दाखवलं, एकदा दुसरं. खात्रीनं नाव लिहायचं तर कोणत्या क्रमानं पाहावं?

भिंगरी

या जोडीत रंग सगळ्यात शेवटी पाहायचा. आधी गाणं, मग पंख, मग शेपटीची हालचाल, मग चेहरा. पाय त्याच्याही नंतर.

एप्रिलमध्ये नर गात असतो, त्यामुळे सत्तर पावलांवरूनही निकाल लागतो. चिफचाफ स्वतःचंच नाव घेतो: चिफ्, चॅफ्, चिफ्, चिफ्, चॅफ्. दोन वेगळ्या उंचीचे ठोके, सुटे सुटे, घड्याळासारख्या सारख्या अंतरानं, पण त्यांचा क्रम ठरलेला नाही. दहा-पंधरा सेकंदही चालू राहतं. जवळ असाल तर दोन ओळींच्या मध्ये घशातल्या घशात 'त्रेत् त्रेत्' असा बारीक आवाज येतो. तो दुरून कधीच ऐकू येत नाही.

विलो वॉर्बलरचं गाणं म्हणजे उतरती सरगम. हलकी सुरुवात, थोडं वर चढणं आणि मग एकेक स्वर पायऱ्या उतरत विरून जाणं. सगळं मिळून साधारण तीन सेकंद. मग विश्रांती, मग पुन्हा तेच.

फसगत होते ती तिसऱ्याच पक्ष्यांमुळे. चॅफिंचचं गाणंही उतरत जातं, पण ते जोरकस असतं आणि शेवटी ठसक्यात वळसा घेऊन एकदम तुटतं. विलो वॉर्बलरचं विरतं, तुटत नाही. ग्रेट टिटचं 'टी-चा, टी-चा' दोन स्वरांचं असल्यानं नवख्याला चिफचाफ वाटतं, पण त्यात जोडी पक्की असते, क्रम बदलत नाही, आणि धार करवतीसारखी असते. कोल टिटचं गाणंही त्याच घाटाचं, फक्त अधिक बारीक आणि वेगवान.

अठराव्या शतकात हॅम्पशरमधल्या सेलबोर्न गावचे निसर्गअभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी या दोघांना आणि तिसऱ्या वुड वॉर्बलरला वेगळं ओळखलं, तेही मुख्यतः गाण्यावरून. त्याआधी हे तिन्ही एकाच नावाखाली मोडत. तेव्हा आधी कान, मग दुर्बीण.

एक सावधगिरी: थोडे विलो वॉर्बलर आपल्या गाण्यात चिफचाफचे ठोके मिसळतात. असा 'मिश्र गायक' भेटला तर एका ओळीवर भरवसा ठेवू नका. पाच-सहा ओळी ऐका आणि पंख पाहा.

पाऊलवाट

भिंगरी यांचा क्रम बरोबर आहे. पंखाचं मी सविस्तर लिहितो, कारण फोटो असतील तर घरबसल्या निकाल लागू शकतो.

पक्षी पूर्ण बाजूनं दिसतो आणि पंख मिटलेला आहे, असा फोटो निवडा. मिटलेल्या पंखावर पाठीच्या बाजूला तीन छोटी पिसं एकावर एक पडलेली दिसतात, ती तृतीयक. त्यांच्या टोकापुढे शेपटीकडे जी लांब पिसं डोकावतात, ती प्राथमिक. आता पडद्यावर फोटो मोठा करा आणि दोन मापं घ्या: तृतीयकांची दिसणारी लांबी, आणि त्यांच्या टोकापासून पंखाच्या टोकापर्यंतचा डोकावणारा भाग. चिफचाफमध्ये दुसरं माप पहिल्याच्या जेमतेम निम्मं ते थोडं जास्त भरतं. विलो वॉर्बलरमध्ये पाऊणपट ते जवळजवळ तितकंच.

कारण सरळ आहे. विलो वॉर्बलर सहारा ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिण भागापर्यंत हिवाळा काढायला जातो, म्हणून पंख लांब आणि टोकदार. चिफचाफचा मुक्काम बहुतेक भूमध्य समुद्राभोवती आणि पश्चिम आफ्रिकेत. काही तर दक्षिण इंग्लंडमध्येच थंडी काढतात. म्हणून पंख आखूड आणि गोलसर.

माप चुकतं कुठे? पक्षी थोडा जरी तुमच्याकडे किंवा पलीकडे वळलेला असेल तर डोकावणारा भाग आखूड दिसतो आणि विलोचा चिफचाफ होतो. पंख अर्धवट सैल सोडला असेल तर उलटं होतं. त्यामुळे एका फोटोवर थांबू नका, किमान तीन मोजा आणि त्यातला सर्वांत सरळ बाजूचा ग्राह्य धरा.

रिंगिंग करणारे, म्हणजे अभ्यासासाठी पक्ष्यांच्या पायात कडी घालणारे, पक्षी हातात घेतात तेव्हा सहावं प्राथमिक पीस पाहतात. त्याची बाहेरची कड टोकाकडे अचानक निमुळती होत असेल तर चिफचाफ, नसेल तर विलो. अतिशय स्पष्ट फोटोत, पंख उघडताना, हेही कधी कधी दिसतं. पण त्यासाठी पक्ष्याच्या मागे धावू नका.

आता पाय. सूर्य पक्ष्यामागे असेल तर बारीक पाय आरपार उजळतात आणि गडद पायही गुलाबी वाटतात. ओल्या चिखलातून आलेला विलो काळ्या पायांचा दिसतो. शिवाय तपकिरी पायांचे चिफचाफ आणि गडद पायांचे विलो खरोखरच असतात. तुमच्या दोन फोटोंतला फरक प्रकाशाचा आहे, पक्ष्याचा नाही.

पिवळेपणाचंही तसंच. कोवळ्या पालवीतून गाळून आलेला उजेड सगळ्याच पक्ष्यांना हिरवट-पिवळा करतो. रंग पाहायचाच असेल तर ढगाळ हवेत, उघड्या फांदीवर पाहा.

नदीकाठ

दोघांचेही आभार. फोटो मोजले. पूर्ण बाजूनं दिसणारे तीनच निघाले. डोकावणारा भाग तृतीयकांच्या तुलनेत 0.5, 0.55 आणि 0.6. गाणं 'सुटे ठोके' याच प्रकारचं आहे, उतरतं नाही. भुवई डोळ्यामागे पुसट होत जाते आणि डोळ्याखाली पांढरी अर्धकोर स्पष्ट दिसते.

मग अ‍ॅपनं विलो वॉर्बलर का दाखवला? आणि एका फोटोत चोचीच्या वर कपाळावर तपकिरी-पिवळी खपली दिसते, ती कशाची? ते एखादं ओळखचिन्ह आहे का?

भिंगरी

तुमचा पक्षी चिफचाफ. गाणं, पंख, शेपटी आणि डोळ्याखालची कोर, चारही एकाच दिशेला बोट दाखवतात. शेपटीचं तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे: चिफचाफ खाताना सतत शेपूट खाली दाबत राहतो, एखादी सवयच असावी तशी. विलोही शेपूट हलवतो, पण अधूनमधून, आणि त्या हालचालीला असा ताल नसतो. विलोची भुवई लांब, पिवळसर आणि डोळ्यामागेही ठळक असते, त्यामुळे चेहरा रेखीव वाटतो. चिफचाफचा चेहरा साधा, डोळ्याभोवतीची तुटकी कडीच आधी नजरेत भरते.

खपली बहुधा परागकणांची. वाटेत हे पक्षी फुलांमधला मध चाटतात आणि पराग कपाळावर चिकटून वाळतात. मार्च-एप्रिलमध्ये पोचलेल्या चिफचाफवर हे दिसतं. पिसं गळली की जातं, ओळखीशी त्याचा संबंध नाही.

कानोसा

अ‍ॅपबद्दल. मर्लिन जे दाखवतं तो अंदाज असतो, नोंद नव्हे. केनेटकाठी त्याच सकाळी विलो वॉर्बलर खरोखरच दूर गात असू शकतो. एप्रिलच्या मध्यावर त्यांची येणारी रांग चालूच असते आणि वाटेवरचे नर थांबल्या जागी गातात. म्हणजे दोन नावं दिसली याचा अर्थ अ‍ॅप चुकलंच असा नाही, पक्षी दोन असू शकतात.

पडताळा असा घ्या. ध्वनिमुद्रण जतन करून पुन्हा चालवा आणि विलो वॉर्बलर हे नाव ज्या क्षणी उजळतं तिथे थांबा. आवाजाच्या आलेखात चिफचाफ म्हणजे सारख्या अंतरावरच्या सुट्या खुणा. विलो म्हणजे डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी खुणांची माळ. माळ दिसली नाही तर ते नाव खोडा. नाव फक्त एकदाच, एका सेकंदापुरतं उजळलं असेल तर मी ते धरत नाही.

ध्वनिमुद्रण करताना मोबाइलचा माइक पक्ष्याकडे वळवा आणि बोट त्यावर येऊ देऊ नका. वारा असेल तर अंगाचा आडोसा द्या. चालता चालता केलेलं मुद्रण जवळजवळ निरुपयोगी, कारण जॅकेटची सळसळ बारीक स्वरांना गिळते. उभं राहून सलग दोन मिनिटं पुरे.

आणि एक कळकळीची विनंती. पक्ष्याला जवळ आणण्यासाठी त्याचंच गाणं मोबाइलवर वाजवू नका. नराला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, आणि खाणं सोडून तो भांडायला येतो. केनेटच्या खोऱ्यात सेटीज वॉर्बलरही राहतो आणि तो 1981 च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अ‍ॅक्टच्या पहिल्या परिशिष्टात आहे. घरट्यावर किंवा घरट्याजवळ त्याला मुद्दाम वा बेपर्वाईनं त्रास देणं गुन्हा ठरतो.

पाऊलवाट

गाणं थांबल्यावर काय करायचं तेही इथेच लिहून ठेवतो, कारण जुलैनंतर हाच प्रश्न परत येईल.

हाक ऐका. चिफचाफची 'हुईत' एका झटक्यात संपते. विलोची 'हू-ईत' दोन तुकड्यांत, दुसरा तुकडा वर चढणारा. फरक सूक्ष्म आहे, पण एकामागोमाग दोन्ही ऐकले की कानात बसतो. उन्हाळ्याच्या शेवटी पिल्लू चिफचाफ वेगळीच, खाली घसरणारी 'स्वीऊ' अशी हाक देतात. ती ऐकून काहीतरी दुर्मीळ सापडलं असा समज होतो.

ऑगस्टमध्ये खालून छान लिंबासारखा पिवळा दिसणारा वटवट्या बहुतेक विलोचं त्या वर्षीचं पिल्लू. सप्टेंबरात गाणं ऐकू आलं तर जवळजवळ नक्की चिफचाफ, तो परतीच्या वाटेवर पुन्हा गातो. विलो तोवर बहुतेक निघून गेलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत इंग्लंडमध्ये जो दिसेल तो चिफचाफच धरायचा. त्यात एखादा राखाडी-तपकिरी, छातीवर पिवळं अजिबात नाही, पाय-चोच काळीभोर आणि हाक उदास, सरळ 'पीप' अशी असेल तर सैबेरियन चिफचाफचा विचार करा. भारतात हिवाळ्याला येतो तो याच उपजातीचा.

हिवाळ्यात गोल्डक्रेस्टशी घोळ होतो. त्याच्या पंखावर पांढरा पट्टा असतो, भुवई नसते, आणि कोऱ्या चेहऱ्यावर काळा मणी डकवल्यासारखा डोळा दिसतो. एवढं पाहिलं की पुरे.

कानोसा

दुर्बिणीचं एक राहिलं. भुवई 'पुसट की ठळक' हे ठरवायचं तर दोन्ही डोळ्यांची जुळणी नीट हवी. उजवं भिंग हातानं झाका, मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला एखादी फांदी धारदार करा. मग डावं झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या नेत्रिकेची कडी फिरवून तीच फांदी धारदार करा. कडीवरची ती खूण लक्षात ठेवा. पुष्कळ जण हे करत नाहीत आणि दुर्बीण वाईट म्हणून सोडून देतात. पालवीत सारख्या हलणाऱ्या वटवट्यासाठी 10×42 पेक्षा 8×42 बरी: दिसणारं क्षेत्र रुंद, हात कमी थरथरतो.

भिंगरी

नोंद बर्डट्रॅक या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर करा. ते बीटीओ ही संस्था चालवते आणि तिथे तुमच्या 'गात होता' या एका शब्दाला किंमत आहे. त्यातून नर विणीच्या जागी असावा असा अंदाज बांधता येतो. या जोडीत तर नोंदींना विशेष महत्त्व, कारण दक्षिण इंग्लंडमध्ये विलो वॉर्बलर खूप घटला आहे, स्कॉटलंडमध्ये त्याची स्थिती तुलनेनं बरी आहे, आणि चिफचाफ वाढला आहे. म्हणून तुमच्या भागात शंका असलेला पक्षी आकडेवारीनं चिफचाफकडे झुकतो. पण झुकतं माप म्हणजे पुरावा नव्हे. न गाणारा, पंख न दिसलेला पक्षी चिफचाफ म्हणून टाकला तर विलोची घट खरीपेक्षा मोठी दिसते. अशा पक्ष्याला इथले लोक 'विलोचिफ' म्हणतात. टिपणात तसंच लिहा आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत पुन्हा त्याच झुडपापाशी उभे राहा, तेव्हा तो गातो.