मदत हवी आहे: बाबांची डर्ट ट्रॅकवरची आरएक्स १०० वीस वर्षांनी बाहेर काढली आहे, चालू कशी करावी?

चिखलवाट:
सातारा जिल्ह्यातल्या गावच्या घरी वैरणीच्या खोलीत बाबांची यामाहा आरएक्स १०० मिळाली. नोंदणी १९९१ची, डर्ट ट्रॅकसाठी बदललेली, २००३पासून बंद. आजची स्थिती अशी: हेडलाइट, इंडिकेटर, मीटर काही नाही. हँडल उंच, मध्ये आडवी दांडी. सायलेन्सरच्या जागी फुगीर चेंबर, वरून गंजलेला पण भोक नाही. टायर गुट्ट्यांचे, कडांना भेगा. टाकीच्या तळाशी लाल चिखल आणि वार्निशसारखा वास. बाजूची २टी ऑइलची (टू स्ट्रोक इंजिनच्या ऑइलची) टाकी कुठेच दिसत नाही. किक हाताने दाबली तर हलत नाही.

गावातला मिस्त्री म्हणतो, प्लगच्या भोकातून ऑइल सोडा, दुसऱ्या गिअरला टाकून ढकला, सुटेल. करू का? आणि मूळ रूपात आणावी की आहे तशी ठेवावी?

दोनठोके:
ढकलू नका. पिस्टनची रिंग ब्लॉकला, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीला, गंजाने चिकटलेली असते. झटक्याने ओढली की ती पोर्टच्या (भिंतीतल्या वायूच्या खिडकीच्या) कडेत अडकून तुटते, आणि तुकडा ब्लॉक चिरत जातो. किकवर उभं राहिलात तर किकचं गिअर तुटेल.

हेड काढा. पिस्टनवर डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल निम्मं-निम्मं ओता, तीन-चार दिवस राहू द्या, रोज वरून थोडं घाला. मग डावीकडचं मॅग्नेटचं कव्हर उघडून मधल्या नटवर पाना लावा आणि नट आवळायच्या दिशेनेच हळू जोर द्या. इंजिन उलटं फिरेल, टू स्ट्रोकला त्याने काही होत नाही. सुटायच्या दिशेने फिरवलंत तर नटच निघेल. पिस्टन खालच्या बाजूला असेल तर लाकडी ठोकळा ठेवून रबरी हातोड्याने हलकं ठोका, लोखंड थेट लावू नका.

सुटलं तरी लगेच चालू करू नका. इतकी वर्षं पडलेल्या क्रँकच्या बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडलेले असतात. इंजिन उतरवून केस (इंजिनचं खालचं कवच) उघडून दोन भाग वेगळे करा. क्रँकवरचं रॉडचं मोठं टोक तपासताना रॉड आडवा हलला तर थोडं चालतं, पण वर-खाली किंचितही खुळखुळ जाणवली तर रॉड किट बदलून क्रँक नव्याने दाबून घ्यावा लागेल. आरएक्सचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ५० मिमी. ब्लॉक वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांना मोजा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर पुढच्या साइझचा पिस्टन घेऊन बोअर करा. लेथवाल्याला आधी पिस्टन हातात द्या, त्याच्या मापाने ब्लॉक कापायला सांगा. नुसतं ‘पाव मिलिमीटर काढ’ म्हणून ब्लॉक पाठवला की फिटिंग हमखास चुकतं. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा बारीक घासून घ्या, धारदार कडेवर नवी रिंग टिकत नाही.

रिंगगॅप:
वरचं सगळं बरोबर, पण प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची ओळ ऑइलच्या टाकीची आहे. आरएक्सला मुळात ऑटोल्यूब पंप (आपोआप ऑइल सोडणारा) असतो. टाकीत साधं पेट्रोल, बाजूच्या टाकीत २टी, आणि थ्रॉटल उघडेल तसा पंप ऑइल वाढवतो. ट्रॅकसाठी तयार करताना बरेच जण पंप काढून भोकं बंद करायचे आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे. तुमच्या गाडीत तेच केलेलं दिसतं. हे लक्षात न घेता पेट्रोलपंपावरून साधं पेट्रोल भरलंत, तर नवा पिस्टन काही मिनिटांत जाम होईल.

उजवीकडचं कव्हर उघडून पंपाच्या जागी पट्टी बसवली आहे का पाहा. पंपाची नळी इनटेकला जिथे जोडलेली असते तिथलं टोक पक्कं बुजवलेलं हवं. कुणी रबरी टोपी घातली असेल तर ती आता दगड झालेली असेल. तिथून हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), पिस्टन तापतो आणि एक्झॉस्टच्या बाजूने घासतो.

पहिल्या दोन टाक्यांना एका लिटरला ४० मिली चांगलं २टी, नंतर ३३ मिली. आधी डब्यात ढवळा, मग टाकीत ओता. पेट्रोलपंपावरचं पेट्रोल आता इथेनॉल मिसळलेलं आहे, तेव्हा जुना पेट्रोलचा पाइप फेकून वायटनचा (इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचा) घ्या आणि कार्बचा मेन जेट (पेट्रोल सोडणारी मुख्य भोकाची पितळी नळी) एक-दोन साइझ मोठा ठेवून सुरुवात करा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब दोन्ही रिकामी करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी तळाशी बसतं.

पॉइंटमास्तर:
क्रँकच्या ऑइल सीलबद्दल अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. डाव्या, मॅग्नेटच्या बाजूचं सील कडक झालं की बाहेरची हवा आत येते. गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना आपोआप रेस होते, थ्रॉटल सोडला तरी आवाज लवकर खाली येत नाही. उजव्या, क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातं. दाट पांढरा धूर निघतो आणि गिअर ऑइल कमी होत राहतं. केस उघडणारच आहात तर दोन्ही नवी बसवा.

जोडल्यावर तपासणी करा, यात कंटाळा नको. इनटेक आणि एक्झॉस्ट रबराच्या बुचांनी बंद करा, प्लगच्या जागी नळी लावून हातपंपाने ६ पीएसआय (दाबाचं एकक) हवा भरा. सहा मिनिटं काटा जागेवर राहायला हवा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा वेगाने पडत असेल तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा दिसेल तिथे गळती. ६ पीएसआयपेक्षा जास्त दाब भरू नका, सील उलटतात.

मॅग्नेट पुलरनेच काढा. मागून पेचकस घालून उचकटलं तर क्रँकचं टोक वाकतं. आतले पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) बारीक पॉलिश पेपरने घासून पेट्रोलच्या फडक्याने पुसा, अंतर ०.३ ते ०.४ मिमी. कंडेन्सर नवाच टाका. पॉइंटवर निळसर ठिणगी सारखी उडत असेल तर कंडेन्सर गेला समजा.

टाकी: आत खडे-साखळ्या घालून हलवत बसू नका, पातळ पत्र्याला भोक पडतं. गंज विजेने काढा. टाकी पाण्याने भरा, प्रत्येक लिटर पाण्याला एक चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर, ऋण टोक टाकीला, धन टोक आत न टेकता लोंबणाऱ्या लोखंडी सळईला. स्टेनलेस सळई अजिबात नको, विषारी क्रोमियम तयार होतं. काम उघड्यावर करा, हायड्रोजन सुटतो, जवळ बिडीसुद्धा नको. झाल्यावर धुवून लगेच वाळवा आणि पेट्रोल-ऑइल आत फिरवा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस थर दिसेल.

चिखलवाट:
खूप आभार. पाहिलं: पंपाच्या जागी अॅल्युमिनियमची पट्टी आहे, इनटेकच्या टोकावर रबरी टोपी होती, बोटाने दाबताच तिचा भुगा झाला. हेड काढलं तर एक्झॉस्ट पोर्टची वरची कड हाताने घासून उंच केलेली दिसते, कानसाचे ओरखडे अजून आहेत. असा ब्लॉक वापरावा का? आणि कागदांचं काय करू?

दोनठोके:
पोर्ट उंच केल्याने ताकद वरच्या आरपीएमला सरकते, खाली गाडी ढिली वाटते. ट्रॅकसाठी बरोबर. हाच ब्लॉक बोअर करून ठेवा, दुसरा आणू नका. यावरूनच सांगतो, मूळ रूपात आणायच्या भानगडीत पडू नका. नव्या क्रोमच्या आरएक्स पुष्कळ दिसतात. चेंबर, कापलेलं मडगार्ड, हाताने घासलेला पोर्ट ही एका माणसाने एका कामासाठी केलेली गाडी आहे, ती पुसली की परत मिळत नाही. टायर, ब्रेक लाइनर, केबल मात्र बदलाच. जुन्या लाइनरची धूळ हवेने उडवू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा.

रिंगगॅप:
कागद: स्टिअरिंगच्या नळीवरचा चेसिस नंबर आणि केसवरचा इंजिन नंबर आरसीशी जुळवा. ट्रॅकच्या गाड्यांचे केस बरेचदा बदललेले असतात. रस्त्यावर आणायची तर पंधरा वर्षांनंतरचं पुनर्नोंदणीचं काम, पर्यावरण कर, उच्च सुरक्षा नंबर प्लेट आणि लाइट, हॉर्न, सायलेन्सर सगळं लागेल. व्हिंटेज नोंदणीचा मार्ग नाही, २०२१च्या नियमांत त्यासाठी पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली हवीत. बाबा हयात असून नावावर करून घ्यायची असेल तर फॉर्म २९ आणि ३०, वारसाने यायची असेल तर फॉर्म ३१. फक्त खासगी जागेत चालवायची असेल तर टेम्पोने न्या.

पॉइंटमास्तर:
पहिल्या किकच्या आधी एक राहिलं. कार्बच्या पायलट जेटमधून (कमी वेगाला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून) डोळ्याला उजेड दिसला पाहिजे. लोखंडी तार घालू नका, पितळ रुंदावतं. विजेच्या वायरमधला तांब्याचा एक धागा पुरतो. एअर स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर. चालू झाली की तीनदा गरम करून पूर्ण थंड होऊ द्या, मग हेडचे नट पुन्हा समोरासमोरच्या क्रमाने आवळा.