एफए कप २०२४-२५ : रिप्ले बंद केले ते चुकलंच

डावा_विंगर
इंग्लंडच्या फुटबॉलमधला एफए कप क्रिस्टल पॅलेसने जिंकला याचा मलाही खूप आनंद झालाय, १७ मे ला वेम्बलीवर एझेचा तो गोल आणि नंतर आपल्या गोलकीपर हेंडरसनने अडवलेली मँचेस्टर सिटीच्या मार्मूशची पेनल्टी मी अजून अधूनमधून लावून बघतो. पण या सीझनचा विषय निघाला की सगळे फायनलवरच बोलतात आणि जानेवारीत टॅमवर्थबरोबर जे झालं ते कोणाला आठवत नाही, म्हणून हा धागा काढतोय. बरोबरी झाली की पुन्हा मॅच खेळायची, म्हणजे रिप्ले, ही पद्धत याच सीझनपासून बंद केली, विषय तो आहे.

टॅमवर्थ म्हणजे इंग्लंडच्या पाचव्या पातळीवरचा छोटा क्लब. खेळाडू इतर नोकऱ्या सांभाळून खेळणारे, गोलकीपर जस सिंग तर बिल्डिंग सर्व्हेयर. तिसऱ्या राउंडमध्ये त्यांच्याकडे प्रीमियर लीगमधली, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवरची, टॉटनहॅम आली आणि त्या छोट्याशा ग्राउंडवर, कृत्रिम गवतावर, यांनी तिला पूर्ण ९० मिनिटं ०-० वर रोखून धरलं. २०२३-२४ पर्यंतचा नियम असता तर आता रिप्ले, म्हणजे दुसरी मॅच टॉटनहॅमच्या ६२ हजारांच्या स्टेडियमवर, आणि तिथल्या तिकिटांच्या पैशांत टॅमवर्थचा वाटा. नवीन नियमाने मात्र पहिल्या राउंडपासूनच रिप्ले बंद. त्यामुळे लगेच एक्स्ट्रा टाइम, टॉटनहॅमच्या बेंचवरून सोन आणि कुलुसेव्स्की आत, आणि ०-३. ज्यांनी ९० मिनिटं जीव तोडून बरोबरी कमावली त्यांना त्या बरोबरीचं काहीच मिळालं नाही. मला हे अजिबात पटत नाही.

ऑफसाइड_ट्रॅप
टॅमवर्थबद्दल मलाही वाईट वाटलं पण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगताय. ते तिसऱ्या राउंडला पोचले कसे? पहिल्या राउंडला हडर्सफील्डला १-० हरवलं ते बरोबर, पण दुसऱ्या राउंडला बर्टनशी १-१ झाली आणि पेनल्टीवर जिंकले. जुना नियम असता तर तिथेही रिप्ले झाला असता, बर्टनला आणखी एक संधी मिळाली असती आणि बर्टन तेव्हा दोन डिव्हिजन वरची टीम होती. म्हणजे ज्या नियमाने त्यांचा घात केला म्हणताय त्याच नियमाने त्यांना टॉटनहॅमपर्यंत आणलं.

रिप्ले छोट्या टीमला वाचवतो हा समजच मुळात चुकीचा आहे. पहिल्या दिवशी मोठी टीम गाफील असते, दुसऱ्या वेळी ती अख्खी तयारी करून, आणि बरेचदा स्वतःच्या ग्राउंडवर उतरते. छोट्या टीमला खरंच जिंकायचं असेल तर एकाच दिवसात उरकणं बरं. प्लिमथने काय केलं बघा, चॅम्पियनशिपच्या, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनच्या, तळाला असलेली टीम, फेब्रुवारीत होम पार्कवर प्रीमियर लीगच्या टॉपला असलेल्या लिव्हरपूलला १-० ने बाहेर काढलं, हार्डीची पेनल्टी. कुठला रिप्ले लागला?

डावा_विंगर
बर्टनचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात नव्हता. पण प्लिमथचं उदाहरण इथे बसत नाही, ती मॅच ९० मिनिटांत संपली, नियम कुठलाही असता तरी तेच झालं असतं.

आणि मोठी टीम दुसऱ्या वेळी जिंकतेच असं असेल तर १९७२ च्या हेरेफर्डचं, त्या लीगबाहेरच्या छोट्या क्लबचं काय? न्यूकॅसलला जाऊन २-२ आणि मग घरी चिखलात २-१, रॉनी रॅडफर्डचा तो लांबून मारलेला गोल. तो गोल रिप्लेतला आहे हो. रिप्ले नसता तर कपच्या इतिहासातला सगळ्यात जास्त दाखवला जाणारा गोल झालाच नसता.

लाल_निळा_पट्टा
मी पॅलेसवाला आहे म्हणून थोडं आमच्या बाजूने. १९९० ची फायनल आम्ही मँचेस्टर युनायटेडशी ३-३ बरोबरीत सोडवली, एक्स्ट्रा टाइममध्ये आम्ही पुढे होतो आणि त्यांनी बरोबरी केली. मग रिप्ले, ली मार्टिनचा एक गोल आणि ०-१. तारीख होती १७ मे. यंदाची फायनलही १७ मे ला, बरोबर ३५ वर्षांनी, आणि क्लबची पहिली मोठी ट्रॉफी. मध्ये २०१६ ला पण युनायटेडकडूनच एक्स्ट्रा टाइममध्ये हरलो होतो. त्यामुळे रिप्लेबद्दल इतकं हळवं व्हायला मला जमत नाही. कप म्हणजे त्या दिवशी जो चांगला खेळला तो पुढे, यातच त्याची मजा आहे. सेमीफायनलचा शेवटचा रिप्ले १९९९ चा, गिग्जने आर्सेनलविरुद्ध मारलेला तो गोल, त्यानंतर ते बंद झाले आणि आज त्यावर कोण भांडतं?

आणि आता मॅचेस किती झाल्यात तेही बघा. याच सीझनपासून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये पहिल्या टप्प्यात ६ ऐवजी ८ मॅचेस झाल्या. खेळाडूंच्या पायात तरी किती जोर असणार.

तिसरा_राउंड
लाल_निळा_पट्टा, तुमचं दुःख समजू शकतो पण फायनलचा रिप्ले परत आणा असं इथे कोणी म्हणतच नाहीये. प्रश्न खालच्या क्लबांच्या पैशांचा आहे आणि त्यावर अजून कोणी नीट बोललंच नाही.

एक्सेटर घ्या. २००५ ला हा क्लब वरच्या चार डिव्हिजनमधून बाहेर पडलेला, कर्जात बुडालेला, फॅन्सच्या ट्रस्टने हातात घेतलेला. ओल्ड ट्रॅफर्डवर गेले, युनायटेडला ०-० रोखलं, रिप्ले ०-२ हरले, पण त्या दोन मॅचच्या पैशांनी क्लब कर्जातून वर आला. आता तोच एक्सेटर, तोच ट्रस्ट, फेब्रुवारी २०२५. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना नॉटिंगहॅम फॉरेस्टशी २-२, आणि फॉरेस्ट तेव्हा प्रीमियर लीगमध्ये वरच्या टीम्समध्ये. जुन्या नियमाने फॉरेस्टच्या ग्राउंडवर दुसरी मॅच, तिकिटांचा वाटा, जमलं तर टीव्हीचे पैसे. मिळालं काय, तर पेनल्टीवर हार आणि त्याच रात्री विषय संपला. एकाच क्लबच्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा आणि मग सांगा नुकसान झालं नाही म्हणून.

दुसरं म्हणजे हा निर्णय झाला कसा. एप्रिल २०२४ मध्ये एफए, म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना, आणि प्रीमियर लीगने आपसात ठरवलं आणि जाहीर केलं, आणि खालच्या डिव्हिजन चालवणाऱ्या ईएफएलने उघड सांगितलं की आमच्या क्लबांना यात विचारलंच नाही. कपमध्ये ७०० च्या वर क्लब खेळतात, त्यातल्या २० क्लबांच्या थकव्यासाठी बाकीच्यांचा नियम बदलायचा, आणि त्यांना साधं विचारायचंही नाही, याचाच मला जास्त राग आहे.

ऑफसाइड_ट्रॅप
विचारलं नाही हे चूकच, त्यावर वाद नाही. पैशांचंही खरं आहे. पण मग पैशांची सोय पैशांनी करा ना. ९० मिनिटांनंतर बरोबरी असेल आणि समोरची टीम दोन किंवा जास्त डिव्हिजन वरची असेल तर छोट्या क्लबला ठरलेली रक्कम द्या, प्रीमियर लीगने भरायची. त्यासाठी थंडीत मंगळवारी रात्री पुन्हा मॅच कशाला.

आणि टॅमवर्थच्या बाबतीत मला वाटतं रिप्ले गेला त्यापेक्षा एक्स्ट्रा टाइम राहिला हे जास्त वाईट झालं. नोकरी करून खेळणाऱ्या दमलेल्या पोरांसमोर ताजे इंटरनॅशनल खेळाडू अर्धा तास. इंग्लंडचा दुसरा कप, लीग कप, त्यात २०१८-१९ पासून सुरुवातीच्या राउंडमध्ये एक्स्ट्रा टाइम नाही, सरळ पेनल्टी. इथेही तेच करा. आर्सेनलच्या ग्राउंडवर युनायटेड दहा जणांनिशी खेळून पेनल्टीवर जिंकलीच की यंदा, कमजोर बाजूला पेनल्टीत खरी संधी असते.

डावा_विंगर
हे मला पटलं. ०-० वरून सरळ पेनल्टी, गोलमध्ये जस सिंग, आणि ही टीम आधीच्याच राउंडला पेनल्टीवर जिंकून आलेली. टॉटनहॅमला ते नक्कीच नको होतं.

तरी रकमेवर मी पूर्ण समाधानी नाही. टॅमवर्थच्या खेळाडूला त्या ६२ हजारांच्या स्टेडियमवर उतरायला मिळालं असतं, घरचे लोक बसमधून बघायला गेले असते, ते चेक देऊन कसं भरून येणार? पण निदान पहिल्या ते चौथ्या राउंडपर्यंत, दोन डिव्हिजनचा फरक असेल तेव्हाच रिप्ले, एवढं तरी चालेल का तुम्हाला? वर्षाला अशा मॅचेस मोजक्याच होतील.

ऑफसाइड_ट्रॅप
तिसऱ्या राउंडपर्यंत चालेल. चौथ्याला नाही, तोवर युरोपच्या मॅचेस परत सुरू होतात.

तिसरा_राउंड
एक्सेटरची फॉरेस्टशी झालेली मॅच चौथ्या राउंडचीच होती.