सोयाबीननंतर मोहरी पिवळी पडून खुंटते; जमिनीतील तणनाशकाचा अंश कसा घालवावा?

राऊची_माती
नमस्कार. इंदूरजवळ राऊच्या पुढे आमची वडिलोपार्जित चार बिघे, म्हणजे सुमारे एक हेक्टर, काळी जमीन आहे. बारा वर्षे ती बटाईने दिलेली होती आणि तीत खरिपात सोयाबीन व रब्बीत गहू एवढेच घेतले जात असे. यंदाचे सोयाबीन निघाल्यावर जमीन आम्ही स्वतः कसायला घेतली आणि घरापुरती मोहरी, मेथी व बीट लावले. मोहरी उगवली, पण दुसऱ्या-तिसऱ्या पानाशीच खुंटली. कोवळी पाने पिवळी पडली आणि शिरा जांभळट झाल्या. बीटाचीही तीच गत झाली. मेथी मात्र टवटवीत आहे. बटाईदार सोयाबीनवर इमॅझेथापायर आणि गव्हावर सल्फोसल्फ्यूरॉन ही तणनाशके मारत असे. शिवाय विहिरीजवळ ज्या जागी तो फवारणीचा पंप धूत असे, तिथे हरळीसुद्धा धरत नाही. मृदा आरोग्य पत्रिकेत सर्व काही ठीक दिसते. माती बदलावी, की भरपूर पाणी सोडून धुवून काढावी?

महूकर
आपण मेथीचा उल्लेख केलात हे फार चांगले झाले, कारण उत्तर तिथेच आहे. सोयाबीन आणि मेथी या दोन्ही शेंगवर्गीय पिकांना इमॅझेथापायर सोसते; मोहरी आणि बीट यांना त्याचा अत्यल्प अंशही बाधतो. म्हणून पहिला संशय जुलैतल्या फवारणीवर घ्यावा. आरोग्य पत्रिकेतील बारा तपासण्या सामू (आम्ल-विम्लता, pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये यांच्या असतात. कीटकनाशक वा तणनाशक त्यांत तपासलेच जात नाही.

माती बदलण्याचा विचार सोडून द्यावा. इमॅझेथापायरची हेक्टरी मात्रा मूळ द्रव्याच्या १०० ग्रॅमची असते आणि हेक्टरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २० लाख किलो माती असते. इतक्या विखुरलेल्या द्रव्याचा निचरा जमिनीतील सूक्ष्मजीवच करू शकतात. पाणी सोडणे तर घातकच ठरेल, कारण आपल्या विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत हे द्रव्य मातीला घट्ट धरून राहत नाही आणि भेगांमधून उतरलेले पाणी ते थेट विहिरीकडे नेऊ शकते.

देवास_रोडची_शेती
काकांशी मी सहमत आहे. माझ्या शेतातही हेच घडले होते. सूक्ष्मजीवांना खाद्य हवे, म्हणून मी चांगले कुजलेले कंपोस्ट घातले आणि पुढच्या पावसाळ्यात ताग पेरून फुलोऱ्यावर येताच गाडला. कंपोस्टसाठी आपल्याला दूर जायला नको. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदुरातच ती पद्धत बसवली, जी जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते: काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन, तीन वेळा पालटून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. तागाबद्दल मात्र एक सूचना करते: तो जोमदार आला म्हणून जमीन स्वच्छ झाली असे समजू नका, कारण तोही शेंगवर्गीयच आहे.

राऊची_माती
ताई, काका, दोघांचे आभार. गावातले जाणते म्हणतात की उन्हाळ्यात खोल नांगरून जमीन तापू द्यावी, म्हणजे सगळे जळून जाते. ते खरे आहे का? आणि पंप धुण्याच्या जागेचे काय करावे?

महूकर
खोल नांगरटीने किडींचे कोष आणि तणांच्या गाठी मरतात, म्हणून तो सल्ला त्या कामापुरता योग्य आहे. तणनाशक मात्र वैशाखातल्या ढेकळांत जवळजवळ तसेच पडून राहते, कारण ते मोडणाऱ्या जिवाणूंना ऊब आणि ओल दोन्ही एकाच वेळी लागतात. म्हणून मार्चमध्ये ऊब येताच कंपोस्ट उथळ मिसळून हलके ओलित द्यावे आणि वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेली स्थिती, टिकवावा; जमीन तुंबू देऊ नये.

त्यानंतर शेतातील पाच-सहा जागांची १५ सेंटिमीटरपर्यंतची माती एकत्र करून तीन कुंड्या भराव्यात आणि ज्या बांधावर कधीच फवारणी झालेली नाही तिथल्या मातीच्या तीन कुंड्या शेजारी ठेवाव्यात. सर्व कुंड्यांत मोहरी पेरून तीन आठवडे पाहावे. सल्फोसल्फ्यूरॉनची शंका असल्यास ज्वारीही पेरावी. गहू ते पचवतो, ज्वारीला ते जाळते. दोन्हीकडची रोपे सारखी वाढली, तरच भाजीपाला लावावा. तोवर मेथी किंवा वाटाणा घेता येईल.

पंप धुण्याच्या जागेचा प्रश्न वेगळा आहे आणि माझ्या मते तो अधिक तातडीचा आहे. तिथे अनेक औषधांचे धुवण एकाच ठिकाणी साचलेले असल्याने जिवाणूच तग धरत नाहीत, आणि त्यात ताम्रयुक्त बुरशीनाशक असेल तर तांबे कोणत्याही जिवाणूने मोडत नाही. ती माती शेतात पसरू नका. भोवती बांध घालून ती जाड प्लॅस्टिकने झाकावी, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यातून विहिरीत उतरणार नाही, आणि तिथली माती व विहिरीचे पाणी अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्यावे. अहवाल येईपर्यंत त्या विहिरीचे पाणी कुणीही पिऊ नये, गुरांनाही पाजू नये.

राऊची_माती
आजच बांध घालतो. गुरे त्याच विहिरीवर पीत होती. त्यांच्यासाठी शेजाऱ्यांच्या बोअरवेलमधून पाणी आणायचे ठरवले आहे. कुंड्यांचा निकाल आला की इथे लिहीन.