विचित्र शस्त्राला किती नियम द्यायचे? दांडपट्टा, उरुमी, जाळं आणि चिलखताचा हिशेब

विसावी_बाजू:
टेबलटॉप खेळात (टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या भूमिकाखेळात) दांडपट्टा, उरुमी (लवचिक पात्याची तलवार), जाळं, साखळी असं नेहमीच्या यादीबाहेरचं शस्त्र आणायचं असेल, तर त्याला एकच खास नियम द्यावा आणि त्याची किंमत डॅमेजच्या (इजेच्या) फाशातून वसूल करावी, असं माझं ठाम मत आहे.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतला (२०१४, सुधारित २०२४) चाबूक बघा. १डी४ (चार बाजूंचा एक फासा), फिनेस (ताकदीऐवजी चपळाईवर वार), रीच (जास्त पोच). रेपियर (सरळ, पातळ तलवार) १डी८, फिनेस. सरासरी २.५ आणि ४.५. ५ फूट जास्त पोच मिळते, त्यासाठी लागलेल्या प्रत्येक वारामागे २ गुण सोडायचे. हिशेब सरळ आहे. घ्यायचा की नाही, हे खेळाडू स्वतः ठरवू शकतो.

आता ३.५ आवृत्तीतली काटेरी साखळी बघा. २डी४, म्हणजे सरासरी ५. पोच १० फूट, तरी पटावर शेजारच्या चौकटीतल्या शत्रूलाही मारता येतं. शिवाय पाय ओढून पाडणं, हातातलं शस्त्र उडवायला +२, आणि ताकदीऐवजी चपळाईवर वार करायची सोय. किंमत काय, तर एक फीट (पात्रासाठी निवडायचं खास कौशल्य). त्यात कॉम्बॅट रिफ्लेक्सेस आणि इम्प्रूव्ह्ड ट्रिप ही फीट जोडली की शत्रू जवळ येताना फुकट वार, त्याच वारात तो आडवा, लगेच आणखी एक वार, आणि तो उठताना पुन्हा एक. बाकीची शस्त्रं यादीत असून नसल्यासारखी झाली. सुटा घेतला तर यातला एकही नियम वाईट नव्हता. पाच नियम एकाच दांडीला टांगले, तिथे घात झाला.

म्हणून माझा दांडपट्टा असा: १डी८, एका हाताचा, हातातून उडवता येत नाही. बस्स.

पट्टाधारी:
हा दांडपट्टा नाही, बांधलेली लाँगसोर्ड आहे.

शस्त्राचा नियम त्याच्या बनावटीतून निघाला पाहिजे. पट्ट्यात मूठ आडवी असते आणि ती लोखंडी हातमोज्याच्या आत असते. मोजा मनगटापासून कोपराकडे चढतो आणि बाहूला अडकवलेला असतो. त्यामुळे मनगट वळतच नाही. वार खांद्यातून आणि कोपरातून, मोठ्या वर्तुळात फिरतो. शस्त्र हातातून सुटत नाही, हा त्याच बनावटीचा एक परिणाम. बाकीचे परिणाम का गाळायचे? मोज्यातल्या हाताने दोर धरता येत नाही, दार उघडता येत नाही, बाटलीचं बूच निघत नाही, मंत्राच्या मुद्रा करता येत नाहीत. पट्टा चढवायला वेळ लागतो. आणि शत्रू अंगाला भिडला की लांबलचक पातं त्याच्या पाठीमागे निरुपयोगी लटकतं.

कट्यार घ्या. तिचीही मूठ आडवी, पण पातं आखूड आणि जोर सरळ मुठीमागे. मिठीत सापडलेल्या माणसाच्या हातात कट्यार हवी. मूठ दोघांचीही आडवी आणि स्वभाव नेमके उलटे. तुमच्या पद्धतीत दोघांत फरक उरतो तो १डी८ आणि १डी४ एवढाच.

२०२४च्या सुधारित नियमांत हेच झालंय. फ्लेल, मॉर्निंगस्टार आणि वॉर पिक या तिन्हींना एकच मास्टरी (शस्त्राचा खास परिणाम), सॅप. साखळीला टांगलेला गोळा, काटेरी गदा आणि टोचणारी चोच, सगळ्यांचा परिणाम सारखा. २०१४च्या नियमांत त्या तिघांना कसलाच गुणधर्म नव्हता, त्यापेक्षा बरं म्हणायचं.

विसावी_बाजू:
तुम्ही चार तोटे लिहिलेत, पण ते तोटे टेबलावर येतात कधी? लढाई चालू असताना दार कोण उघडतं? जो तोटा क्वचितच अंगावर येतो, तो किंमत म्हणून धरता येत नाही. खेळाडू फायदा पहिल्या फेरीपासून वापरतो. तोटा मात्र डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) आठवणीने काढावा लागतो, आणि दहा राक्षस चालवताना ते राहून जातं.

जाळेकरी:
नियम मोजत बसण्यापेक्षा ते एकमेकांत कसे अडकतात ते पाहा. २०१४च्या जाळ्याला खास नियम एकच होता: लागलं की लक्ष्य रिस्ट्रेन्ड (जखडलेलं). तरी ते वाया गेलं.

कारण जाळ्याचा पल्ला ५/१५ फूट (५ पर्यंत नेहमीचा, १५ पर्यंत लांबचा). शत्रू ५ फुटांत असेल तर 'जवळून फेकताना डिसॲडव्हांटेज' (दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा) हा सर्वसाधारण नियम लागतो. ५ फुटांपलीकडे असेल तर 'लांब पल्ल्याला डिसॲडव्हांटेज'. मधे जागाच नाही. ६० टक्क्यांचा वार दोन फाशांत ३६ टक्क्यांवर येतो. त्यात जाळं फेकलं की त्या ॲक्शनमध्ये (फेरीतल्या कृतीत) दुसरा वार नाही, तुमच्याकडे एक्स्ट्रा ॲटॅक (जादा वार) असला तरी. इतकं करून सुटायला फक्त डीसी १० ताकद (२० बाजूंच्या फाशात ताकदीचा आकडा मिळवून १० गाठायचे). +४ वाल्या धिप्पाड ओगरला ६ किंवा जास्त हवेत, म्हणजे ७५ टक्के. −१ वाला बुटका गॉब्लिनसुद्धा निम्म्या वेळा सुटतो. यातली सगळ्यात चुकीची गोष्ट म्हणजे क्रॉसबो एक्स्पर्ट घेतलं की जाळं जवळून नीट फेकता येतं. क्रॉसबोचं फीट जाळ्याला उपयोगी पडतं, यावरूनच नियम कुठे निसटला ते कळतं.

२०२४मध्ये जाळं शस्त्रांच्या यादीतून काढून सामानात टाकलं. १५ फुटांच्या आत, एका वाराच्या बदल्यात फेकायचं. समोरचा डेक्स सेव्ह (चपळाईने बचावाचा फासा) करतो, डीसी ८ अधिक तुमची चपळाई अधिक प्रावीण्य. बाकीचे वार शाबूत. नियमांची संख्या फारशी बदलली नाही, पण पल्ल्याच्या गुंत्यातून जाळं सुटलं. नवं शस्त्र लिहिताना आधी हेच तपासावं: चालू असलेला कुठला नियम त्याला आपोआप लागू होतोय?

उलटी_धार:
उरुमीबद्दल थोडं. लवचिक पोलादी पातं, कमरेला गुंडाळता येणारं. बहुतेक घरगुती नियमांत 'नॅचरल १ (फाशावर नुसता १) आला तर स्वतःला लागतं' असं असतं. कृपा करून हे लिहू नका. एक वार करणाऱ्या नवशिक्याला दर फेरीत ५ टक्के धोका. चार वार करणाऱ्या विसाव्या लेव्हलच्या फायटरला १८.५ टक्के. जितका कसबी, तितका स्वतःला कापून घेणार, हे उलटं आहे.

धोका कसबाच्या अभावाला आणि जागेला बांधा. प्रावीण्य नसेल, किंवा डिसॲडव्हांटेजने वार करत असाल, तेव्हाच १ आल्यावर १डी४ स्वतःला. अरुंद बोळात किंवा ग्रॅपलमध्ये (शत्रूने धरून ठेवलेलं असताना) उरुमी फिरतच नाही, तिथे डिसॲडव्हांटेज द्या. मग कसबी माणूस मोकळ्या जागेत सुरक्षित राहतो आणि शत्रूला त्याला कोपऱ्यात रेटण्याचं कारण मिळतं.

लोहकडी:
शस्त्रांवर इतकं बोलणं झालं, पण समोरचं चिलखत जोवर फक्त एक आकडा आहे, तोवर वेगळं शस्त्र वेगळं लागणार तरी कशावर? कड्यांचं चिलखत धारेला अडवतं, पण गदेचा दणका आतल्या गादीपर्यंत पोचतो. पत्र्याचं चिलखत दोन्ही अडवतं, मात्र काखेत, मांडीच्या सांध्यात आणि डोळ्यांच्या फटीत उघडं असतं. एसीत (वार लागायला २० बाजूंच्या फाशात बोनस मिळवून जो आकडा गाठावा लागतो, त्यात) यातलं काहीच दिसत नाही.

माझा नियम: प्लेटची (पत्र्याच्या चिलखताची) एसी १८ ऐवजी १५, आणि लागलेल्या प्रत्येक वारातून ३ वजा. +५ ने मारणाऱ्याचा हिशेब करून पाहा. मोठी तलवार, २डी६+४: आधी ४० टक्के × ११ = ४.४, आता ५५ टक्के × ८ = ४.४. काहीच फरक नाही. कट्यार, १डी४+२: आधी ४० टक्के × ४.५ = १.८, आता ५५ टक्के × १.५ = सुमारे ०.८. (क्रिटिकल, म्हणजे २० आल्यावरचे जादा फासे, दोन्हीकडे धरलेले नाहीत.) जड शस्त्राला धक्का नाही आणि कट्यारीने प्लेट फुटत नाही. मला हेच हवं होतं.

चार आईनासारख्या जोडचिलखताचाही प्रश्न यात सुटतो. छाती, पाठ आणि दोन कुशींवरचे चार पत्रे कड्यांच्या अंगरख्यावर बांधायचे: कड्यांची एसी तशीच, वजाबाकीत १ ची भर. पट्टे सोडून पत्रे उतरवले की भर गेली. अख्खी प्लेट उतरवायला ५ मिनिटं लागतात, हे पत्रे एका मिनिटात निघावेत.

विसावी_बाजू:
आकडे चोख आहेत, पण त्यांचा दुसरा परिणाम बघा. +४ चे आठ गॉब्लिन, १डी६+२. एसी १८ ला प्रत्येकाचे १.९, मिळून फेरीला १५. तुमच्या नियमात प्रत्येकाचे १.२५, मिळून १०. पाचव्या आवृत्तीत छोटे शत्रू संख्येच्या जोरावर शेवटपर्यंत धोकादायक राहावेत, म्हणून आकडे मुद्दाम आवळून ठेवलेत. तुम्ही ती वीण उसवताय. शिवाय ड्रॅगनच्या कातडीला किती वजा? दगडी पुतळ्याला? एकदा चिलखताला वजाबाकी दिली की प्रत्येक राक्षसाचं पान पुन्हा लिहावं लागतं. १९७८च्या प्लेअर्स हँडबुकात शस्त्र विरुद्ध चिलखत असा पूर्ण तक्ता छापलेला होता, आणि तो बाजूला ठेवून खेळणारी टेबलं भरपूर होती. तक्त्यातला आकडा चिलखताच्या जातीसाठी होता. चिलखत न घालणाऱ्या प्राण्यापुढे तो लावायचा कसा, याचं उत्तर दर वेळी डीएमने शोधायचं.

लोहकडी:
ड्रॅगनला शून्य. वजाबाकी फक्त घातलेल्या चिलखताला, कातडीला नाही. एकही पान लिहावं लागत नाही. गॉब्लिनांचं म्हणाल तर त्यांनी आठ बाजूंनी सुऱ्या मारू नयेत, दोघातिघांनी मिळून पाडावं. मी एक ओळ जोडतो: आडवा पडलेला आणि ग्रॅपलमध्ये धरलेला, दोन्ही एकदम असतील तर टोचणाऱ्या शस्त्राला वजाबाकी नाही. चिलखतधाऱ्याला खाली दाबून फटीतून कट्यार घालणं हाच तर खरा उपाय होता. छोटे शत्रू धोकादायक राहतात, फक्त त्यांना डोकं वापरावं लागतं.

पट्टाधारी:
या ओळीमुळे कट्यारीला तिची जागा मिळाली, आणि कट्यारीच्या रकान्यात एक अक्षरही वाढलं नाही. हे मला पटलं.

विसावी_बाजू, तुमचा आक्षेप मान्य करून पट्टा पुन्हा मांडतो. चढवणं, उतरवणं, हात अडकणं हे तीन नियम लिहीतच नाही. 'ढालीसारखा बांधायचा' एवढंच लिहितो. ढाल चढवायला-उतरवायला एक ॲक्शन लागते आणि तो हात गुंततो, हे सगळ्यांना पाठ आहे. मग पट्टा असा: १डी८ कापणारा, ढालीसारखा बांधायचा, हातातून उडत नाही, ग्रॅपलमध्ये असताना डिसॲडव्हांटेज.

विसावी_बाजू:
ढालीची ओळ घेतो. ग्रॅपलची नाही. २०१४मध्ये ग्रॅपलने फक्त वेग शून्य होतो, तुम्ही एका शस्त्रासाठी त्याला दुसरा अर्थ देताय. द्यायचा तर भाला, ग्लेव्ह (लांब दांड्यावरचं पातं), दोन हाती तलवार, सगळ्या लांब शस्त्रांना द्या, आणि तो ग्रॅपलच्या नियमात लिहा.

पट्टाधारी:
सगळ्यांना द्या, माझी हरकत नाही. भाल्याला तर तो पट्ट्याच्या आधी लागायला हवा. फक्त भाला धरणारा तो टाकून देऊन कट्यार काढू शकतो. पट्टेवाल्याला आधी एक ॲक्शन घालवून मोजा काढावा लागेल. म्हणजे ग्रॅपलची ओळ पट्ट्याच्या रकान्यातून गेली, तरी तिचा सगळ्यात जास्त फटका पट्ट्यालाच बसतो.