बीबीएच्या पोराला राज्यघटना कशाला पाहिजे?

विश्रामबागकर
भाचा इथंच सांगलीत बीबीए करतोय, पहिलं वर्ष. परवा पेपरच्या आदल्या रात्री वही घेऊन आला, म्हणला मामा जरा पाठांतर घ्या. बघतो तर पानावर एक मोठा त्रिकोण, शेंड्याला राज्यघटना, खाली कायदे, त्याखाली नियम नि आदेश, बाजूला बाण मारून 'रूढी' आणि 'कोर्टाचे निवाडे'. कायद्याचे स्रोत म्हणे. दोन तास तेच घोकत होता. मी १८ वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवतोय, आजवर एकाही गिऱ्हाइकानं मला घटनेतलं व्यापाराच्या मोकळीकीचं कलम ३०१ विचारलं नाही. आणि त्याच पोराला बिल करायला बसवला तर निपाणीला धाडायच्या मालाला सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात विकायच्या मालाचा कर, लावून मोकळा! माझं म्हणणं सरळ हाय, घटना वकिली शिकणाऱ्यांना शिकवा, धंद्याच्या पोरांना बिल, चेक आणि करारनामा शिकवा. बोला आता.

काळा कोट
दादा, तुमचा भाचा जिथं चुकला त्याचं उत्तर त्रिकोणाच्या शेंड्यालाच आहे की. निपाणी कर्नाटकात, माल राज्याबाहेर चाललाय, म्हणून आयजीएसटी, आणि तो केंद्रानं वसूल करून राज्याबरोबर वाटून घ्यायचा हे घटनेच्या कलम २६९अ मध्ये लिहिलंय. २०१६ ला १०१ वी घटनादुरुस्ती झाली नसती तर १ जुलै २०१७ ला जीएसटी लागूच करता आला नसता.

विश्रामबागकर
वकीलसाहेब, दुकानातला माझा पोरगा बारावी नापास, त्याला २६९अ माहीत नाही आणि तो कधी चुकत नाही. कॉम्प्युटर लावतोय कर. पुढं बोला.

मास्तरीण मिरजेची
मी हाच विषय शिकवते, त्यामुळं आधी कबूल करते, त्रिकोण पाठ करायला लावणं हा आमचा आळस आहे. पण विषय वाईट नाही हो. मी वर्गात विचारते, कोणाच्या घरी ऊस आहे? निम्मे हात वर. बिल किती दिवसांत मिळायला पाहिजे? सगळे एका सुरात, १४ दिवस! हे कुठं लिहिलंय विचारलं की सामसूम. ते कायद्यात नाही, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, उशीर झाला तर १५ टक्के व्याजाचं पण त्यातच आहे. तो आदेश निघाला १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या जोरावर, आणि तो कायदा करायचा अधिकार घटनेच्या समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांच्या यादीतला. झाला की त्रिकोण, उसाच्या बिलावरनं. फक्त १५ टक्के व्याज खरंच हातात पडलेलं घर वर्गात अजून सापडलं नाही 😅

द्राक्षबाग तासगाव
मॅडम तुमचा तो 'रूढी'चा बाण आहे ना, तोच आमच्या मुळावर बसलाय. बेदाण्याचा सौदा बघितलाय का कधी? बॉक्स फोडला की खरेदीदार मूठ भरून घेतोय, दोन दाणे चावतोय, उरलेला माल खाली फेकतोय, पुढचा येतोय तो पण मूठ घेतोय. याला उधळण म्हणायचं. सौदा संपला की माणसं बेदाण्यावरनं चालत असत्यात, चपलेला चिकटतोय, आणि तो बेदाणा माझा असतोय, औषध मी मारलेलं, रॅकवर मी वाळवलेला. परत तूट म्हणून वजन कापायचं ते वेगळंच. विचारलं तर, 'पाव्हणं, रीत हाय.' आता सांगा रीत म्हणजे कायदा का?

काळा कोट
आपोआप नाही! १८७२ च्या करार कायद्याच्या पहिल्याच कलमात व्यापारातल्या रूढीला संरक्षण आहे, पण अट एकच, ती त्या कायद्याशी विसंगत नको. शिवाय रूढी वाजवी पाहिजे, ठरलेली पाहिजे, आणि दोघांना माहीत असलेली पाहिजे. बाजार समितीचा १९६३ चा कायदा आणि त्याखालचे नियम जी कपात करू देत नाहीत ती शंभर वर्षं चालत आली म्हणून कायदेशीर होत नाही. नुसत्या जुनेपणाला कोर्टात किंमत नाही.

अडत दुकान
वकीलसाहेब एकच बाजू मांडू नका. माल न बघता कोण घेईल? वर एक नि खाली एक भरणारे पण आहेत हो, नाव नाही घेत. आणि सगळा बाजार शब्दावर चालतोय, लाखाचा सौदा बोटावर होतोय, कागद मागनं येतोय. रीत काढून टाकली तर सकाळी नऊला चालू झालेला सौदा रात्री नऊला पण संपायचा नाही. तुमच्या त्रिकोणात रूढी एका कोपऱ्यात असंल, आमच्याकडं ती मधोमध हाय. उधळण कमी व्हावी हे मला पण पटतंय, पण ती व्यापाऱ्यांनी बसून ठरवायची गोष्ट आहे, त्याला घटना नको.

मास्तरीण मिरजेची
बसून ठरवायला कोणाला बसवायचं, शेतकऱ्याला का नाही, हाच तर प्रश्न आहे ना. आणि वरनं आलेला प्रत्येक कागद दगडावरची रेघ नसतो हे पण पोरांना कळू दे. रिझर्व्ह बँकेनं २०१८ ला परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार बंद करायला लावले, ते २०२० ला सुप्रीम कोर्टानं उडवलं, धंद्याच्या मूलभूत हक्कावर, घटनेचं कलम १९(१)(जी). अधिकार रिझर्व्ह बँकेला होता, पण एवढी कडक बंदी घालण्याइतकं नुकसान दाखवता आलं नाही.

विश्रामबागकर
क्रिप्टो सोडा मॅडम, विट्याच्या एकानं मला दिलेला चेक परत आलाय त्याचं बघा 😀 बरं, बेदाण्याचं मात्र पटलं थोडं. थोडंच. तासगावकर, तुमच्या पट्टीचा, म्हणजे अडत्यानं दिलेल्या हिशोबाच्या कागदाचा, फोटो टाका की, नाव झाका. भाच्याला देतो, म्हणतो त्रिकोण बाजूला ठेव आणि यातली कुठली कपात कशात बसते सांग.

काळा कोट
चेकचं आधी बघा दादा, बँकेनं परत केल्याचं कळलं की ३० दिवसांत चेक देणाऱ्याला नोटीस गेली पाहिजे. तारीख हुकवू नका.

द्राक्षबाग तासगाव
फोटो टाकला असता हो, पण पट्टीवर तूट लिहिलेलीच नसती. अडत, हमाली, तोलाई सगळं स्वच्छ अक्षरात. अडत्या वजनच आधी कमी मांडतोय. भाच्याला विचारा, जे लिहिलंच नाही ते कुठल्या खणात टाकायचं. मी त्या अडत्याला विचारलं तर म्हणला दुसरीकडं घाला माल. पुढच्या गुरुवारी परत त्याच्याकडंच चाललोय, उचल घेतलीय.