मदत हवी आहे : उन्हाळ्यासाठी चांगली क्राफ्ट पिल्सनर सुचवा

भरदुपार : शनिवारी मागच्या अंगणात मंडळी जमणार आहेत आणि ऊन असह्य आहे. हलक्या, स्वच्छ चवीची क्राफ्ट पिल्सनर, म्हणजे लहान ब्रुअरीत बनवलेली फिकट सोनेरी बिअर, हवी आहे. कृपया थेट नाव सांगावे. बिअरचा इतिहास नको.

खडीसाखर : आपण कोणत्या शहरात आहात, कॅन हवेत की पिंप, आणि पाहुण्यांना कडवटपणा चालतो का, हे कळल्याशिवाय नाव कसे सांगणार?

भरदुपार : ऑस्टिन, टेक्सास. अर्थातच कॅन.

तळ्याकाठी : ऑस्टिनमध्ये राहून लाइव्ह ओकची ‘पिल्झ’ सोडून दुसरीकडे पाहण्याचे कारण मला दिसत नाही. १९९७ पासूनची ही ब्रुअरी जुन्या चेक रीतीने माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) घोळाचा काही भाग वेगळा काढून उकळते आणि पुन्हा त्यात मिसळते. त्यामुळे बिअर हलकी असूनही चव पोकळ लागत नाही.

कोरडा_घसा : असहमत. चेक वळणाच्या पिल्सनरमधला माल्टचा भरीवपणा कडक उन्हात दोन ग्लासांनंतर जड वाटू लागतो. कॅलिफोर्नियाच्या फायरस्टोन वॉकरची ‘पिव्हो’ घ्यावी. तिच्यात जर्मन साफिर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुले) आंबवणीनंतर घालतात, म्हणून फुलांसारखा सुगंध येतो आणि शेवट कोरडा, म्हणजे गोडवा न उरणारा, राहतो.

तळ्याकाठी : पिव्होत अल्कोहोल ५.३ टक्के आहे. दुपारभर पिण्यासाठी मी ती निवडणार नाही, आणि जडपणाचा मुद्दा तर मला मुळीच पटत नाही.

बोहेमियन : इतिहास नको म्हणालात, तरी एवढे सांगतो की १८४२ साली पिल्सेन येथे योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने ही बिअर घडवली, आणि तेथील क्षार कमी असलेल्या मऊ पाण्यामुळेच साझ हॉप्सचा कडवटपणा तिच्यात बोचत नाही.

कोकमप्रेमी : उन्हात बिअर हवीच कशाला? कोकम सरबत करावे.

भरदुपार : मी पिल्सनरविषयी विचारले आहे. निम्मे पाहुणे पुण्याहून आले असून त्यांना गोडसर स्ट्राँग बिअरचीच सवय आहे.

खडीसाखर : हे आधी सांगायला हवे होते! मग कोरडी, कडवट पिव्हो त्यांना आवडण्याची शक्यता कमी. पिल्झच जास्त घ्यावी आणि इतरांसाठी थोडी पिव्हो ठेवावी. मात्र नावापेक्षा ताजेपणा महत्त्वाचा असतो, म्हणून कॅनच्या तळाशी छापलेली तारीख पाहूनच खरेदी करावी. बादलीत नुसता बर्फ न भरता पाणीही घालावे, म्हणजे कॅन सर्व बाजूंनी लवकर गार होतात. ग्लास फ्रीजरमध्ये ठेवू नयेत. बिअरचे तापमान चार ते सात अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यास हॉप्सचा सुगंध दबतो. भरलेले ग्लास उन्हात ठेवून गप्पा मारत बसू नये, कारण सूर्यप्रकाशाने हॉप्समधील घटक बदलून बिअरला उग्र दुर्गंधी येऊ लागते. हिरव्या बाटल्यांतील बिअरला बरेचदा हाच वास येतो.

कोरडा_घसा : पिव्हो थोडीच का? निम्मी निम्मी घ्यावी.

खडीसाखर : किती जण येणार आहेत, ते अजूनही कळलेले नाही.